उशिराची झांज

बाबांना ताल नव्हता. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि बहुतेक त्यांनाही ठाऊक असावं. तरी गल्लीच्या फागमंडळीत त्यांनी जन्मभर झांज वाजवली. फाग म्हणजे होळीच्या दिवसांत आमच्या ग्वाल्हेरकडे गातात ती गाणी. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि ओळ संपते तिथे झांज पडायची. बाबांची झांज त्या जागेच्या जरा मागून यायची. ढोलक असायची गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या गृहस्थांकडे. त्यांना लहानथोर सगळे दद्दा म्हणतात. सुरुवातीची काही वर्षं दद्दा बाबांकडे डोळे वटारून बघायचे म्हणे. मग ते कंटाळले आणि ओळीच्या शेवटी ढोलकच क्षणभर थांबवायला लागले. बाबांची झांज आली की पुढे निघायचं. बाहेरच्या माणसाला वाटायचं, ही इथली खास चाल आहे. शेजारच्या मोहल्ल्यातल्या मंडळींनीही ती उचलली असं दद्दा सांगतात, पण ते दद्दा सांगतात म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

आमची गल्ली बिर्लानगरातली, कापडाच्या मिलच्या कामगारांसाठी बांधलेल्या घरांची. मिल केव्हाच बंद पडली, माणसं राहिली. बाबा मिलमध्ये मागावर होते. मिल गेल्यावर एका शाळेतले पाण्याचे पंप आणि विजेच्या तारा सांभाळायला लागले. आमचं घराणं शिपायांचं. कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं आणि परत जायचं राहून गेलेलं. माझे काका अजून याचा अभिमान बाळगतात. बाबांना त्यात फारसा रस नव्हता, पण गल्लीला होता. गल्लीने त्यांना पहिल्या दिवशी ‘दक्खिनी भैया’ म्हटलं ते शेवटपर्यंत. आई दक्खिनी भाभी. आमच्याकडची कटाची आमटी म्हणजे दक्खिनी चाय, कारण लोक ती स्टीलच्या पेल्यातून फुंकर मारत पितात.

“एवढी वर्षं झाली, अजून आपण दक्खिनीच,” बाबा अधूनमधून म्हणायचे. कधी हसून म्हणायचे, कधी न हसता.

“मग काय म्हणतील, काश्मिरी?” आई म्हणायची. पण हे ऐकलं की ती हातातलं काम उगाचच जोरात करायची, हेही मी पाहिलेलं आहे.

आमच्या गल्लीचा खरा सण रंगपंचमी. धुळवडीला मिलची पाळी चालू असायची, त्यामुळे रंग पंचमीवर ढकलला गेला असं म्हणतात. मिल गेली तरी रंग काही पुन्हा धुळवडीवर गेला नाही. आम्हा मराठ्यांना ते बरंच होतं, आमचा रंग पंचमीचाच. सकाळी फागमंडळी गल्लीच्या एका टोकाला जमते आणि दारोदार निघते. प्रत्येक दारात एक फाग आणि प्रत्येक दारात काहीतरी खायला. आता या खाण्याचं एक शास्त्र आहे. कोणाच्या घरी काय मिळणार हे कायमचं ठरलेलं आहे, आणि दोन घरी एकच पदार्थ चालत नाही. दद्दांकडे गुजिया. समोरच्या भाभींकडे कांजीवडे, ज्यांची कांजी दर वर्षी मागच्या वर्षीपेक्षा आंबट असते आणि दर वर्षी सगळे ती वाहवा करत पितात. कोपऱ्यावरच्या घरी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याचा झणझणीत रस्सा. नवीन बिऱ्हाड आलं तर त्यांना आधी विचारून घ्यावं लागतं की काय शिल्लक आहे. एका वर्षी एका नव्या सुनेने कौतुकाने गुजिया केल्या, तर मंडळींनी त्या खाल्ल्या, पण दद्दांच्या बायकोने त्या घरी दिवाळीपर्यंत पाऊल टाकलं नाही.

आमच्याकडे पुरणपोळी. तळहाताएवढ्या पोळ्या, कारण संपूर्ण गल्लीला पुरवायच्या, आणि बरोबर दक्खिनी चाय. आई आदल्या दिवशी डाळ शिजवायची, कणीक तिंबायची, आणि पंचमीच्या सकाळी तव्यापुढून उठायची नाही. तिने फाग नेहमी स्वयंपाकघरातूनच ऐकला. मंडळी कोणाच्या दारात पोचली आहे हे ती आवाजावरून सांगायची आणि त्या हिशेबाने गॅस मोठा करायची.

मला स्वतःला हा सण कधी फारसा आवडला नाही, हेही सांगून टाकते. रंग आठवडाभर कानामागून निघत नाही. भांग न पिताही माणसं भांग प्याल्यासारखी वागतात. आणि फाग हा काही गोड गाण्याचा प्रकार नव्हे, तो ओरडून म्हणायचा असतो. लग्न होऊन थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेल्यावर मी पंचमीला दुपारी, सगळं शांत झाल्यावर, पोळ्या खायला यायचे. बाबा तेव्हा जांभळ्या तोंडाने खाटेवर घोरत पडलेले असायचे. त्यांच्या उशाशी झांज असायची.

या सगळ्यात एक रीत अशी आहे जिच्याबद्दल सांगायलाच हवं. गल्लीत ज्या घरी त्या वर्षी कोणी गेलं असेल, त्या घराला गमीचं घर म्हणतात. पंचमीला मंडळी सगळ्यांत आधी त्या दारात जाते. तिथे आधी सगळे नुसते बसतात. कोणी काही बोलत नाही. मग दद्दा उठून घरातल्या मोठ्या माणसाच्या कपाळाला गुलाल लावतात, पहिला फाग तिथे होतो, आणि त्या घराची गमी उठली असं मानतात. त्यानंतर त्या घरी पुन्हा गोडधोड होऊ लागतं. लहानपणी मला या भागाची भीती वाटायची, कारण मोठी माणसं एरवी इतकी गप्प बसत नसत. पुढे भीती गेली, पण गुलाल लागताना समोरचा माणूस हमखास रडतो आणि ते बघणं मला जमत नाही, म्हणून मी मागे राहायचे.

बाबा पौषात गेले. थंडी कडक होती, धुकं होतं, आणि त्यांच्या छातीने ते मानलं नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी आईला माझ्याकडे चल म्हटलं. ती नाही म्हणाली. थोड्या वेळाने, भांडी पुसता पुसता, तिने विचारलं, “पंचमीला येतील ना गं ते?”

“कोण?”

“कोण म्हणजे? दद्दा. मंडळी.”

मी म्हटलं, येतीलच की. तिने ताट पुसून मांडणीवर ठेवलं. “गल्लीचा माणूस गेला की गल्ली येते,” ती म्हणाली. “बघू. हे गल्लीचे होते का ते तरी कळेल.”

तेव्हा मला कळलं की ती कशाची वाट बघते आहे. बाबांसाठी दारात बसणाऱ्या माणसांची. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं त्या लोकांना पोळ्या खाऊ घालून बाईला अजून ही शंका असावी, याचा राग. पण शंका काही तिच्या मनाला आपली आपण आली नव्हती, ती बाबांनीच घरात आणून ठेवली होती.

आता काकांकडे येते. काका बाबांहून धाकटे, लष्करात राहतात, म्हणजे आमच्या शहराच्या त्या भागात. निवृत्त आहेत. कपडे पांढरे, स्कूटर पांढरी. पुण्याच्या नातेवाइकांनी जे पाळायचं केव्हाच सोडून दिलं, ते सगळं काका ग्वाल्हेरात पाळतात. इथे आम्ही थोडके, त्यामुळे कोणीतरी पाळायला हवं असं त्यांचं म्हणणं. बाबांच्या तेराव्याला त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत या घरात सण नाही, पुरण नाही, तळण नाही. मी मान हलवली आणि आईच्या कानावर घातलं. काकांपुढे मान हलवणं सोपं असतं. शिवाय मला दिसत होतं की भावासाठी करता येण्यासारखं त्यांच्या हातात आता एवढंच उरलं होतं. दोघे भाऊ फारसे बोलायचे नाहीत. काकांना फाग म्हणजे गोंधळ वाटायचा आणि बाबांना काकांची सत्यनारायणाची पूजा लांब वाटायची.

पंचमीच्या दिवशी मी या खेपेला सकाळीच निघाले. मुलाला म्हटलं, चल आजीकडे. तो मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, “आई, मी शाम को येतो ना, तिकडे अभी सब रंगबिरंग असेल, नवीन शर्ट आहे यार.” शर्ट काढून ठेवता येतो हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी रिक्षाने हजिऱ्याच्या चौकापर्यंत आले आणि तिथून चालत निघाले. वाटेत दोन पोरांनी मला रंगवलं, एका बाल्कनीतून पाणी आलं, कुठेतरी डीजे छाती हादरवत होता. मी वैतागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले.

गल्ली कोरडी होती.

रस्त्यावर एक थेंब रंग नव्हता. पोरं पायऱ्यांवर बसली होती, धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला न्यायला तयार केल्यासारखी. समोरच्या भाभी दारात स्टूल टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या बाजूला कांजीची बरणी फडक्याने बांधलेली होती. त्यांनी मला बघून हात जोडले.  माझ्या अंगावरचा रंग बघून एका पोराने डोळे मोठे केले आणि त्याच्या आईने त्याला हळूच चापट मारली. मला वाटलं, उशिरा निघणार असतील. किंवा संपलं असेल हे सगळं. तरुण मुलं नोकरीला गुडगाव-नोएडाकडे गेली, म्हातारे थकले, असं होतंच की.

घरात शिरले तर जायफळाचा वास. आई ओट्याशी उभी होती. परातीत पुरण, बाजूला झाकलेली कणीक, मागच्या शेगडीवर आमटी.

“आई, काका काय म्हणाले होते?”

“घरात पुरण घालायचं नाही म्हणाले होते. मी काय घरात खाणार आहे? हे गल्लीचं आहे.” तिने गोळा वळून ठेवला. “आपण चाखायचंसुद्धा नाही. मीठ बरोबर आहे का ते त्यांनीच सांगावं.”

हा कायदा तिने कुठून काढला कोण जाणे, पण तिचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. मी तोंड धुतलं, रंग अर्धा गेला, अर्धा राहिला. भिंतीवर खिळ्याला बाबांची झांज टांगलेली होती. दोऱ्या गुंडाळून नीट बांधलेल्या. त्यांनी ती कधी अशी बांधली नव्हती, तेव्हा हे आईचं काम.

ती पोळ्या लाटत होती आणि ऐकत होती. मध्येच लाटणं थांबवायची. बाहेरून दूरचा डीजे तेवढा ऐकू यायचा.

“निघाले नाहीत अजून,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. “त्या टोकाकडून सुरू केलं असेल का?”

“पण सगळ्यांत आधी आपलं दार ना?”

“हो. म्हणून तर.”

पोळ्यांची चळत वाढत गेली. मी बाहेर जाऊन विचारून येते म्हटलं तर ती नको म्हणाली. विचारून बोलावलेले लोक तिला नको होते. तेवढ्यात स्कूटर वाजली आणि काका आले. आल्या आल्या त्यांना वास आला. त्यांनी परात बघितली, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“वहिनी, हे काय?”

“गल्लीचं आहे, भावजी. मंडळी येतील.”

काका खुर्चीवर बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. “नाही येणार,” ते म्हणाले. “मी परवा त्या दद्दांना भेटून सांगितलंय. आमच्यात वर्षभर सण करत नाहीत, तेव्हा या वर्षी आमच्या दारी येऊ नका, गुलालबिलाल काही नको. समजूतदार आहेत. एका शब्दात ऐकलं त्यांनी.”

मी काकांवर ओरडणारच होते. मला खरोखरच राग आला होता. पण आईकडे बघितलं आणि गप्प बसले. ती काकांवर चिडलेली नव्हती. तव्यावरची पोळी तिने उलटली, पुन्हा उलटली.

“एका शब्दात ऐकलं?” ती म्हणाली.

“हो तर. उलट हातच जोडले.”

“मला एका शब्दाने विचारायला आले नाहीत.”

काकांना यात काय चुकलं ते कळेना. त्यांच्या मते काम सभ्यपणे आटपलं होतं. आई पोळी तव्यावर विसरली. घरात जळकट वास यायला लागला तेव्हा मी पुढे होऊन गॅस बंद केला. ती म्हणाली, “हे म्हणायचे ते बरोबरच होतं मग. दक्खिनीच.” तिचा आवाज साधा होता. भाजीत मीठ जास्त झालं हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात तिने हे सांगितलं, आणि मला एकदम इतकं वाईट वाटलं की मी पाटावर बसून घेतलं.

मग तिने पोळ्यांवर झाकण ठेवलं, पिठाचे हात तसेच ठेवून पदर खांद्यावरून घेतला आणि दाराकडे निघाली. पौषापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. काका “वहिनी, वहिनी” म्हणत उठले. मी तिच्यामागे गेले. तिला काय करायचं होतं ते नंतर मी विचारलं, तर ती म्हणाली, ते कुणाच्या दारात गातायत ते बघायचं होतं, बस.

ती दारात उभी राहिली आणि तिला गल्ली दिसली. कोरडी, दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली. कोणी रंगलेलं नव्हतं. तिला बघून समोरच्या भाभी उठून उभ्या राहिल्या, मग त्यांच्या बाजूचे, मग सगळेच. दद्दा त्यांच्या ओट्यावर होते, तिसऱ्या घरापाशी. ढोलक त्यांच्या मांडीशी होती, पण तिच्यावर जुन्या चादरीची खोळ तशीच चढवलेली. ते काठी घेऊन उठले आणि सावकाश चालत आमच्या पायरीपर्यंत आले. वर आले नाहीत.

“काए भाभी,” ते म्हणाले, “तबीयत ठीक है?”

“दद्दा, आज पंचमी है न?” आईने विचारलं. तिचं हिंदी अजून मराठीच्या चालीवर आहे. “गाना क्यों नहीं?”

दद्दांनी काकांकडे बघितलं, मग आईकडे. “छोटे भैया कह गए, आपके यहाँ साल भर चलता है। हमने कहा, ठीक है, जैसा आपका नियम।” ते थांबले. “अब जब घर की गमी नहीं उठी, तो बाकी गली रंग किस मुँह से खेले? रात को सबने बैठके तय कर लिया। आपका साल भर, तो गली का भी साल भर।”

 मला वाटतं आईला ते एकदम कळलं नाही. समोरच्या भाभी तिकडून म्हणाल्या, “बच्चों को भी समझा दिया है। एक ने जिद करी थी, उसे नानी के घर भेज दिया।”

“मुझे क्यों नहीं पूछा?” आई म्हणाली.

“लो, इसमें पूछना क्या,” दद्दा म्हणाले. “भैया हमारे थे।”

आईने तोंडावर पदर धरला. पिठाचे हात होते, पदराला पीठ लागलं. ती रडली आणि मी या खेपेला मागे गेले नाही, जायला जागाच नव्हती, माझ्यामागे काका होते.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि पायरी उतरून खाली उभी राहिली. “लगाओ,” ती म्हणाली.

“वहिनी,” काका मागून म्हणाले, “वर्ष व्हायचंय अजून. लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक, भावजी?” आई वळून म्हणाली. “हेच आहेत ना लोक. तुमचं वर्ष तुम्ही पाळा, मी आड येणार नाही. इथलं आज उठू द्या.”

रीतीप्रमाणे आधी सगळे बसले. रस्त्यावरच, आमच्या दारासमोर, म्हातारे, बायका, धुतलेल्या कपड्यांतली पोरं. बोललं कोणीच नाही. दूरचा डीजे चालू होता आणि किल्ल्याकडून येणाऱ्या वाऱ्याने पिंपळाची वाळकी पानं गल्लीभर फिरत होती. मग दद्दा काठीवर जोर देऊन उठले, कोणीतरी ताट पुढे केलं, आणि त्यांनी आईच्या कपाळाला गुलाल लावला. मला लावला. मग ते काकांपुढे गेले. काका एक पाऊल मागे सरले. त्यांच्या मागे भिंत होती.

“आप भी तो भाई हैं उनके,” दद्दा म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सांगेन.  “वर्षश्राद्ध मी करणारच आहे,” ते मराठीत म्हणाले, दद्दांना कळो न कळो, आणि त्यांनी मान खाली केली. गुलाल त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. त्यांनी तो झटकला नाही.

ढोलकेची खोळ निघाली. मंडळी जशी नेहमी उभी राहते तशी अर्धगोलात उभी राहिली. डावीकडे एक जागा मोकळी होती, एका माणसाएवढी, आणि तिथे कोणी सरकलं नाही. दद्दांनी थाप मारली आणि पहिली ओळ उचलली. आवाज त्यांचा आता चिरका झाला आहे. बाकीच्यांनी ओळ घेतली, नेहमीसारखी ओरडून. मी आयुष्यात पहिल्यांदा फाग इतक्या जवळून ऐकत होते.

ओळ संपली आणि ढोलक थांबली.

ती सवयीने थांबली. दद्दांचा हात वर राहिला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळ्यांच्याच लक्षात आलं. आमची झांज आत खिळ्याला होती, दोऱ्या बांधलेली. कोणी कोणाकडे बघेना. दद्दांचा हात खाली येईना, त्या थांब्याच्या पुढे कसं जायचं ते त्यांनाही इतक्या वर्षांत आठवत नसावं.

आईने टाळी वाजवली. हातांवरचं पीठ उडालं. ती टाळी जागेवर पडली नाही, थोडी मागून आली, बाबांची यायची तेवढीच मागून. तिने दुसरा फाग कधी ऐकलाच नव्हता, तिच्यासाठी तोच ताल होता.

दद्दांनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि ढोलक पुढे निघाली.